घोळाची दाट ताकातली भाजी

फाल्गुन-चैत्रात कोल्हापूरच्या आसपास ‘सुरू’ लागणीच्या, म्हणजे हिवाळ्याअखेर लावलेल्या उसाला पाणी दिले जाते आणि त्या ओलीवर सरीत घोळ माजतो. भांगलणीत तो तण म्हणून बांधावर फेकला जातो, याचे वाईट वाटते, कारण ऐन उन्हात इतकी रसाळ रानभाजी दुसरी क्वचितच मिळते.

घोळाचे देठ लालसर, गुळगुळीत व मांसल असतात, पाने जाड आणि टोकाकडे रुंद, तर फुले पिवळी असतात. त्याच सरीत जमिनीलगत पसरणारे, घोळासारखे दिसणारे पण न खाण्याचे दुधी नावाचे तणही उगवते. म्हणून प्रत्येक देठ मोडून पाहावा आणि पांढरा चीक आला तर ती काडी टाकून द्यावी. शेतात तणनाशक मारले आहे का, हे मालकाला विचारल्याशिवाय काहीही खुडू नये.

खुडण्याची वेळही महत्त्वाची आहे. तापलेल्या, कोरड्या रानातला घोळ रात्री पानांत मॅलिक आम्ल साठवतो आणि दिवसा ते वापरतो, त्यामुळे सकाळी तो जास्त आंबट लागतो. ताकातल्या भाजीसाठी दुपार कलल्यावर खुडलेला घोळच घ्यावा.

चौघांसाठी निवडलेली पाव किलो पाने व कोवळे देठ तीन-चार पाण्यांतून धुऊन चिरावेत. म्हशीच्या ताज्या, गोड दह्याचे दोन वाट्या दाट ताक करून त्यात दोन चमचे बेसन गुठळी न राहता घुसळावे. आजरा-चंदगडकडचे सोललेले ओले काजू मिळाले, तर मूठभर वाटून त्यातच मिसळावेत. दाटपणाला गोडसर चव येते. तेलात जिरे, हिंग, आठ-दहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या, हिरवी मिरची व हळद यांची फोडणी करून घोळ पाच मिनिटे परतावा. घोळ स्वतःच बुळबुळीत असल्याने रस्सा आपोआप आळतो, म्हणून बेसन वाढवू नये. मग आच मंद करून ताक ओतावे आणि उकळी फुटेपर्यंत सतत ढवळत राहावे. हात थांबला की ताक फुटते. त्यानंतर सात-आठ मिनिटे शिजवून मीठ शेवटी घालावे. कांदा-लसूण चटणी मात्र इथे नको, तिच्यापुढे घोळाची नाजूक आंबट चव टिकत नाही.

घोळात ऑक्झलेट बरेच असल्याने मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ही भाजी टाळावी. इतरांनी ती आजरा घनसाळच्या गरम भातावर वाढून घ्यावी.