पैसे भरलेले, तरी 'लायसन्स वैध नाही': माझा अनुभव

नागपूरच्या महाल भागात माझं लग्नपत्रिका-डिझाइनचं दुकान आहे. रोज सकाळी पीसी लावला की डिझाइनचं सॉफ्टवेअर म्हणायचं 'लायसन्स वैध नाही'. दोनदा नव्याने इन्स्टॉल केलं, अँटिव्हायरस बंद केला, फरक शून्य. ऐन लग्नसराईत हे फार जिव्हारी लागलं.

मग कोपऱ्यात तारीख दिसली: २०१५! पीसी बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) छोटा सेल संपलेला. रात्री मेन स्विच बंद केला की घड्याळ मागे, आणि तारीख चुकली की लायसन्सची तपासणी फसते.

पीसी बंद करून वायर काढली, पॉवर बटण दहा सेकंद दाबलं. सीताबर्डीहून आणलेला सीआर २०३२ हा बटणासारखा चपटा सेल जुन्याच्या जागी, अधिकची खूण वर ठेवून बसवला. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख-वेळ सेव्ह केली. विंडोजमध्ये टाइम झोन बघून, वेळ नेटवरून जुळवणारं 'सिंक नाऊ' दाबलं. शेवटी, नेट चालू ठेवून, सॉफ्टवेअरमधून साइन आउट आणि पुन्हा साइन इन.