एनपीटीईएलचा कोर्स घेताय? परीक्षेचे नियम आधी समजून घ्या

आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएल या उपक्रमातले ऑनलाइन कोर्स आता अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांत ऑनर्स, मायनर किंवा जादा क्रेडिटसाठी घेतले जातात. शिकणं फुकट आहे, पण प्रमाणपत्र परीक्षेनंतरच मिळतं. आणि दर सत्रात बरीच मुलं अडकतात ती विषयात नव्हे, नियमांत.

सर्वांत आधी मार्कांचं गणित. सर्वसाधारण कोर्सला असाइनमेंटचे 25 आणि परीक्षेचे 75 मार्क. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये किमान 10 आणि परीक्षेत किमान 30 लागतात, तेही स्वतंत्रपणे. असाइनमेंटला 25 पैकी 25 आणि परीक्षेला 29 मिळाले, तर बेरीज 54 होऊनही प्रमाणपत्र मिळत नाही. परीक्षेचा पेपर 100 मार्कांचा असतो आणि ते 75 वर आणले जातात. म्हणजे पेपरात 40 हवेतच.

बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वांत चांगल्या 8 असाइनमेंटची सरासरी धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्सला 6 ची आणि चार आठवड्यांच्या कोर्सला 3 ची. आजारपण, कॉलेजचं सबमिशन, गावची जत्रा, काहीही आलं तरी बारापैकी चार आठवडे सुटले तर चालतं. पण ही सवलत पहिल्याच महिन्यात उधळू नका. शेवटचे आठवडे अवघड असतात आणि नेमकी तेव्हाच कॉलेजची प्रॅक्टिकलं येतात. मुदत संपायच्या आत असाइनमेंट कितीही वेळा सबमिट करता येते आणि शेवटचं सबमिशन धरलं जातं. म्हणून आठवड्याच्या सुरुवातीलाच येतील तेवढी उत्तरं भरून सबमिट करून टाकावं, मग व्हिडिओ बघत दुरुस्त करत राहावं. मुदतीनंतर एक मिनिटही मिळत नाही. सर्व्हर हळू होता, लाइट गेली होती, ही कारणं चालत नाहीत.

यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर दर आठवड्याला तयार उत्तरं फिरतात. त्यांतली काही चुकीची असतात, पण खरा तोटा वेगळा आहे. 25 मार्क हातात आले की अभ्यास झाल्यासारखं वाटतं आणि परीक्षा उरलेल्या 75 चा निकाल लावते. मुदत संपल्यावर अधिकृत उत्तरं येतात. ती आपल्या उत्तरांशी ताडून पाहणं आणि चुकलेला प्रश्न कागदावर पुन्हा सोडवणं, याहून चांगली तयारी आम्हाला माहीत नाही.

श्रेणी अशी: एकूण 40 ते 59 साधं प्रमाणपत्र, 60 पासून एलिट, 75 पासून एलिट आणि सिल्व्हर, 90 पासून एलिट आणि गोल्ड. असाइनमेंटला पूर्ण 25 असतील तर एलिटसाठी पेपरात साधारण 47 पुरतात, सिल्व्हरसाठी 67 आणि गोल्डसाठी 87. असाइनमेंटची सरासरी 15 वर आली, तर गोल्डसाठी पेपरात 100 पैकी 100 लागतील. म्हणजे असाइनमेंटने कोणी पास होत नाही, पण वरची श्रेणी तिथेच हातची जाते.

आता फॉर्म. सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. कोर्सला नाव नोंदवणं म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरणं नव्हे. तो फॉर्म वेगळा असतो, त्याची फी कोर्समागे 1000 रुपये (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना सवलत असते, दाखला जोडावा लागतो), आणि त्याची मुदत अनेकदा कोर्स अर्ध्यावर यायच्या आतच संपते. कोर्सला वापरलेला ईमेलच फॉर्मवर टाका; दुसरा टाकला तर असाइनमेंटचे मार्क जुळत नाहीत. नाव मार्कशीटवर आहे तसंच लिहा, कारण प्रमाणपत्रावर तेच छापलं जातं. कॉलेजचं नाव यादीतून निवडा आणि रोल नंबर भरा, नाहीतर तुमचा निकाल कॉलेजच्या लोकल चॅप्टरकडे (कॉलेजातल्या एनपीटीईएलच्या शाखेकडे) जात नाही. परीक्षाकेंद्राच्या शहरातल्या जागा मर्यादित असतात. उशिरा फॉर्म भरणाऱ्याला जवळचं शहर मिळेलच असं नाही.

परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, बहुतेक कोर्सची संगणकावर, तीन तासांची. सकाळचं सत्र 9 ते 12, दुपारचं 2 ते 5. दोन कोर्सची तारीख एकच असेल तर सत्रं वेगळी निवडा. तारीख कोर्सच्या पानावर आधीच दिलेली असते. विद्यापीठाच्या ओरल-प्रॅक्टिकलशी ती भिडते का, हे कोर्स निवडतानाच पाहा. छापलेलं हॉलतिकीट आणि मूळ ओळखपत्र सोबत हवं. मोबाइलमधला फोटो दाखवून आत सोडतील या भरवशावर राहू नका. प्रोग्रॅमिंगच्या काही कोर्सना वेगळी प्रोग्रॅमिंग परीक्षाही असते आणि त्यांची मार्कांची विभागणी वेगळी असते. ती त्या-त्या कोर्सच्या पानावर पाहावी.

नापास झालात किंवा परीक्षेला गेलात नाही, तर एटीकेटीसारखी सोय नाही. तोच कोर्स पुन्हा कधी लागतो याची वाट पाहायची आणि फी पुन्हा भरायची. शेवटच्या वर्षातल्या मुलांनी म्हणून क्रेडिटसाठीचा कोर्स सातव्या सत्रापर्यंत उरकावा.

क्रेडिट साधारणपणे बारा आठवड्यांना 3, आठ आठवड्यांना 2 आणि चारला 1 मिळतं. मात्र ते तुमच्या मार्कशीटवर येणार की नाही, हे कॉलेज ठरवतं. कोर्स सुरू होण्यापूर्वी विभागप्रमुखांकडून तो कोर्स कुठल्या विषयाच्या बदल्यात धरणार हे लेखी घ्या, आणि प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत जमा करायचं तेही त्याच कागदावर लिहून घ्या.