उन्हाळी शिबिरातील सायनोटाइप: उन्हाला दोष देण्यापूर्वी या चुका टाळा

मे महिन्यात आठवी-नववीच्या मुलांसाठी सायनोटाइपचे, म्हणजे उन्हाच्या मदतीने कागदावर निळी प्रतिमा छापण्याचे, शिबिर घेताना पहिल्या दोन दिवसांत एक तक्रार हमखास कानावर येते: "ताई, ऊन कमी पडलं." पुण्यात मे महिन्याच्या सकाळी अकरा वाजता ऊन कमी पडले असे म्हणणे म्हणजे आषाढीला पंढरपुरात गर्दी कमी पडली असे म्हणण्यासारखे आहे. प्रिंट फिकट आली, डागाळली किंवा धुताना वाहून गेली, तर त्याचे कारण बहुतेक वेळा कागदात, पाण्यात किंवा आपल्या घाईत सापडते.

सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या या पद्धतीत फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांच्या मिश्रणाचा लेप कागदाला दिला जातो. उन्हातील अतिनील किरण लागले की सायट्रेटमधील लोहाचे रूप बदलते, त्याचा फेरिसायनाइडशी संयोग होतो आणि पाण्यात न विरघळणारा प्रशियन ब्लू हा निळा रंग तयार होतो. जेथे ऊन पोहोचले नाही तेथील पिवळा लेप पाण्याने निघून जातो. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी याच रीतीने, कॅमेऱ्याशिवाय, समुद्री शेवाळांच्या प्रतिमा छापण्यास सुरुवात केली. मुलांनीही पानाफुलांपासूनच आरंभ करावा. पहिल्याच दिवशी फोनमधील फोटो छापू देणे ही माझ्या मते शिबिराच्या आखणीतीलच चूक आहे, कारण बिघाड झाला तर तो लेपाचा, पाण्याचा की निगेटिव्हचा हे कोणालाच कळत नाही.

रसायने घेताना आणि हाताळताना

दुकानातून फेरिसायनाइडऐवजी फेरोसायनाइड आणले जाण्याची चूक नावांतील साम्यामुळे सहज होते. फेरिसायनाइडचे खडे लालसर नारिंगी असतात, फेरोसायनाइडचे फिकट पिवळे. आणि हे दुसरे सायट्रेटच्या द्रावणात मिसळले तर ऊन दाखवण्याआधीच मिश्रण निळे पडते. १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम सायट्रेट आणि वेगळ्या १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम फेरिसायनाइड अशी दोन द्रावणे गडद बाटल्यांत ठेवावीत आणि त्या दिवसापुरतीच सम प्रमाणात एकत्र करावीत. सायट्रेटच्या द्रावणावर बुरशीचा थर आला तर ते गाळून घेतल्यावर वापरता येते.

"सायनाइड" हा शब्द वाचून पालकांचे फोन येतात, आणि ते योग्यच आहे. या संयुगात सायनाइड लोहाला घट्ट बांधलेले असल्याने नेहमीच्या हाताळणीत ते सुटे होत नाही; मात्र तीव्र आम्ल किंवा खूप उष्णता मिळाल्यास विषारी वायू निर्माण होऊ शकतो. त्यामुळे लेप लावण्याच्या खोलीत फरशी धुण्याचे ॲसिड ठेवू नये, पावडर मोठ्या माणसानेच मोजावी, मुलांना हातमोजे द्यावेत आणि स्वयंपाकघरातील कोणतेही भांडे या कामासाठी आणू नये.

कागद आणि लेप

साधा ड्रॉइंग पेपर पाण्यात पाच मिनिटांत लिबलिबीत होतो, म्हणून २०० ते ३०० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) जलरंगाचा कागद घ्यावा. मात्र जाड आणि महाग कागदही फसवू शकतो, कारण टिकाऊपणासाठी अनेक कागदांत कॅल्शियम कार्बोनेट हे अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे, द्रव्य मिसळलेले असते आणि अल्कली हा प्रशियन ब्लूचा शत्रू आहे. नव्या कागदाच्या कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून पाहावा. बारीक बुडबुडे दिसले तर तो कागद चित्रकलेच्या वर्गाला देऊन टाकावा.

लेप जितका जाड तितका निळा गडद, हा मुलांचा आवडता गैरसमज आहे. जास्तीचे मिश्रण धाग्यांत मुरत नाही, पृष्ठभागावर साचते आणि धुताना निळे ओघळ होऊन पांढऱ्या भागावर पसरते. दोन पातळ हात द्यावेत, एक आडवा आणि एक उभा. धातूची पट्टी असलेला ब्रश बुडवल्यास धातूशी अभिक्रिया होऊन निळे ठिपके पडतात, म्हणून स्पंजचा ब्रश बरा. लेप अंधाऱ्या खोलीत पूर्ण वाळू द्यावा; मुंबईत किंवा कोकणात हवेतील दमटपणामुळे त्याला पुण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, आणि ओलसर कागद उन्हात नेला की पांढरा भाग धुरकट येतो.

उन्हात ठेवताना

नुकतीच तोडलेली पाने लेप दिलेल्या कागदावर मांडून काचेखाली ठेवली की ती गरम होऊन पाणी सोडतात, काचेला आतून वाफ धरते आणि प्रिंटवर फिकट चट्टे उमटतात. शेवग्याची डहाळी किंवा गुलमोहराचे पान आदल्या दिवशी वर्तमानपत्रात दाबून ठेवले तर हा त्रास टळतो आणि पान कागदाला चिकटून बसल्याने कडाही रेखीव येतात. जाड वस्तूंच्या बाबतीत सूर्याचा कोन महत्त्वाचा ठरतो. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवसांत बारा-साडेबाराच्या दरम्यान ठेवलेल्या शिंपल्याची कड जशी नेमकी उमटते तशी चार वाजता उमटत नाही, कारण तिरपे ऊन वस्तूखाली शिरते.

मेच्या कडक उन्हात पानांसाठी बहुधा ५ ते ८ मिनिटे पुरतात, तरी घड्याळापेक्षा रंगावर विश्वास ठेवावा. उघडा लेप पिवळट हिरव्यावरून निळसर आणि शेवटी मळकट राखाडी झाला की कागद आत आणावा. मुले निळा दिसताच उचलतात, आणि धुताना निम्मा रंग जातो. मध्येच काच उचलून डोकावण्याचा मोह तर कोणालाच आवरत नाही. त्यातून एका पानाची दोन पाने होतात.

धुण्याचे पाणी

मला सर्वांत जास्त छळले ते पाण्याने. एका वर्षी टाकीचे पाणी संपल्याने आम्ही सोसायटीच्या बोअरच्या पाण्याने प्रिंट धुतल्या. पहिल्या ट्रेमध्ये सुरेख दिसणारा निळा दुसऱ्या ट्रेमध्ये विटलेल्या शाळेच्या गणवेशासारखा झाला, आणि मी सकाळभर मुलांना "अजून दोन मिनिटे उन्हात ठेवा" असे सांगत राहिले. बोअरचे पाणी बहुधा जड आणि किंचित अल्कधर्मी असते, हे दुपारी लक्षात आले. आता पहिल्या ट्रेमध्ये किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल चिमूटभर टाकते आणि पुढचे पाणी पिवळी झाक जाईपर्यंत, साधारण ५ ते १० मिनिटे, बदलत राहते. पिवळेपणा राहिला तर पांढरा भाग नंतर उजेडात निळा पडतो. प्रिंट ओली असताना फिकट वाटली तरी घाबरू नये; हवेत एका दिवसात रंग गडद होतो, आणि मुलांना तो चमत्कार तिथेच पाहायचा असेल तर शेवटच्या ट्रेमध्ये औषधाच्या दुकानातील ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन चमचे टाकावेत.

फोटो छापताना

एका मुलीने आजीचा फोटो पारदर्शक शीटवर जसाच्या तसा छापून आणला. प्रिंटमध्ये आजीचे पांढरे केस गर्द निळे झाले आणि कुंकू पांढरे. फोटो आधी कृष्णधवल करावा, मग उलट छटांचा, म्हणजे निगेटिव्ह, करावा आणि शाईची बाजू लेपाला टेकणार असल्याने डावी-उजवी बाजू उलटूनही घ्यावा. नाहीतर पाठीमागच्या दुकानाची पाटी आरशातल्यासारखी वाचावी लागते. झेरॉक्सच्या दुकानातील लेझर प्रिंटचा काळा रंग विरळ असतो व त्यातून ऊन झिरपते, म्हणून तशा दोन शीट तंतोतंत एकावर एक लावाव्यात.

कापडी पिशवीवर छापले असेल तर ती कपड्यांच्या साबणाने किंवा सोड्याने धुऊ नये, असे घरी आवर्जून सांगावे. आणि खिडकीजवळ टांगलेली प्रिंट पावसाळ्यापर्यंत फिकी पडली तर ती टाकून न देता काही दिवस अंधाऱ्या, हवा खेळत्या कपाटात ठेवावी. निळा बराचसा परत येतो.