टेबल सॉ घरी आणताय? आधी ब्लेडच्या मागच्या दातांबद्दल वाचा

टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडने लाकूड कापायचं मशीन, घेतला म्हटलं की घरातले सगळे एकच सांगतात, बोटं सांभाळ. सांभाळायचीच आहेत, वादच नाही. पण मी नाशिकला घरामागच्या शेडमध्ये फर्निचर करते, शिकायला येणाऱ्यांना मशीन दाखवते, आणि मला बोटांपेक्षा जास्त धास्ती फळीची वाटते. फिरत्या ब्लेडजवळ बोट न्यायचं नाही हे लहान पोरालाही कळतं. फळीच उलटी आपल्या अंगावर येते आणि येताना हाताला ब्लेडवर घेऊन जाते, हे मात्र मला सुरुवातीला कोणीच सांगितलं नाही, म्हणून इथे जरा जास्तच लांबण लावणार आहे.

चार शब्द आधी: रिप कट म्हणजे लाकडाच्या रेषेच्या दिशेने लांब काप, क्रॉसकट म्हणजे रेषेला आडवा काप, फेन्स म्हणजे फळी जिला टेकवून सरकवायची ती ब्लेडला समांतर कड, आणि माइटर गेज म्हणजे टेबलाच्या खाचेत सरकणारा, फळीला ठरलेल्या कोनात धरणारा टेकू.

ब्लेडचा माथा तुमच्याकडे फिरतो. तुमच्या बाजूचे दात वरून खाली येतात, फळीला टेबलावर दाबून धरतात, तिथे काही त्रास नाही. मागचे दात मात्र टेबलाखालून वर येतात. कापून पुढे गेलेली फळी या मागच्या दातांना नुसती घासली तरी ते तिला उचलतात, आणि एकदा ती उचलली की माथ्यावरून सरळ तुमच्याकडे फेकली जाते. यालाच किकबॅक म्हणतात. दहा इंची ब्लेड ४००० आरपीएमने फिरत असेल तर दातांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे बघून बाजूला होऊ वगैरे काही नाही, कळेपर्यंत लागलेलं असतं.

मग फळी मागे घासतेच का? एक तर लाकूड कापता कापता मिटतं. लाकडाच्या आत ताण असतो, गाठीजवळ रेषा वाकडी असते, वरून वाळलेलं आणि आतून ओलं असतं, आणि मध्ये चीर पडली की दोन्ही भाग एकमेकांकडे झुकतात आणि ब्लेडला चिमटा बसतो. जुन्या सागवानी चौकटी, वखारीतून पावसाळ्यात आणलेलं आंब्याचं लाकूड, पॅकिंगचं पाइन, यांच्यावर अजिबात भरवसा ठेवू नका. माझ्याकडे चौकटीचाच तुकडा होता. हात लांब होते, पुश स्टिक (फळी ढकलायची काठी) होती, गॉगल होता, आणि अर्ध्यात चीर मिटली. तुकडा कमरेच्या हाडावर बसला, कित्येक दिवस कुशीवर झोपता येत नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढे बरेच दिवस स्विच दाबताना छातीत धडधडायचं. आजही नवीन लाकूड लावताना थोडं होतंच. होऊ दे, ते वाईट नाही.

दुसरं कारण फेन्सचं. फेन्सचं मागचं टोक ब्लेडकडे झुकलेलं असेल तर फळी पुढे जाताना मागच्या दातांवर दाबली जाते. माप घेताना ब्लेडच्या पुढच्या एका दातावर खूण करा, फेन्सपर्यंतचं अंतर घ्या, ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे आणा, परत अंतर घ्या. दोन्ही सारखी हवीत, मागे केसभर जास्त चालेल पण कमी अजिबात नको. हे सगळं प्लग काढून.

या सगळ्यावर जो उपाय आहे तो म्हणजे ब्लेडच्या मागे उभी असलेली एक साधी लोखंडी पट्टी, रायव्हिंग नाइफ. ब्लेड वरखाली केलं की तीही वरखाली होते. ती चिरीत शिरते, त्यामुळे चीर मिटली तरी पट्टीवर मिटते, आणि फळी तिरकी होऊन मागच्या दातांवर जात नाही. मला ज्या दुकानात डेमो दिला तिथल्या माणसाने ही पट्टी काढून खोक्यात टाकली होती, ‘मॅडम, ही मध्ये मध्ये येते’ म्हणाला. ती येते कारण तिचं कामच ते आहे! गार्ड, म्हणजे ब्लेडवरचं झाकण, काही कटला काढावा लागतो, मान्य, पण ही पट्टी आरपार कट असो की खाच असो, जवळपास कधीच काढावी लागत नाही. पातळ ब्लेड विकत आणलंत तर पट्टीची जाडी बघा, ती दातांच्या चिरीपेक्षा कमी आणि ब्लेडच्या पत्र्यापेक्षा थोडी जास्त लागते, नाहीतर फळी पट्टीवर अडते आणि माणूस वैतागून ती काढून टाकतो.

आणि हात ब्लेडवर कसा जातो तेही सांगते. तुम्ही फळीला जोर लावून ढकलताय, ती अचानक हाताखालून गेली तर तो जोर कुठे जाणार? पुढे, ब्लेडकडेच. म्हणून हात कधीही ब्लेडच्या सरळ रेषेत नको, ब्लेडच्या पलीकडे नेऊन फळी ओढायची तर अजिबातच नाही. उभं राहायचं तेही रेषेच्या डावीकडे. छोटा तुकडा फेन्सला लावून क्रॉसकट करायचा नाही, तो फिरतो आणि अडकतो. माइटर गेज वापरा, आणि सारखे तुकडे हवे असतील तर फेन्सला ब्लेडच्या बऱ्याच अलीकडे एक ठोकळा लावून माप घ्या.

अमेरिकेत सॉस्टॉप नावाचं मशीन २००४ पासून विकलं जातं, त्यात ब्लेडला कातडी लागली की ॲल्युमिनियमचा ठोकळा आत घुसून काही मिलिसेकंदांत ब्लेड थांबवतो. अप्रतिम गोष्ट आहे. पण आपल्या बजेटातल्या मशीनमध्ये ते नसतं, आणि फळी अंगावर येणं तेही थांबवत नाही.

आता स्वस्तातला जुगाड. प्लायला भोक पाडून खालून मार्बल कटर उलटा बसवायचा आणि बटण लॉक करून ठेवायचं. करू नका. ते मशीन दगड-टाइल कापायला आहे, बारा-तेरा हजार आरपीएमने फिरतं, मागे पट्टी नाही, आणि घाईत बंद करायला हात टेबलाखाली घालून बटण शोधावं लागतं. वर लाईट गेली आणि तुम्ही तुकडा काढायला हात घातलात, तेवढ्यात लाईट आली तर? लॉक केलेलं मशीन आपोआप सुरू होतं. म्हणूनच टेबल सॉ घेताना लाईट गेल्यावर स्वतःहून बंद होणारा आणि परत दाबल्याशिवाय चालू न होणारा स्विच आहे का ते दुकानात प्लग काढून, लावून बघा. पैसे कमी असतील तर सरळ हातात धरायचा गोल ब्लेडचा सर्क्युलर सॉ आणि तो टेकवून चालवायला एक सरळ पट्टी घ्या, वर्षभर त्यावर काम करा. आठ बाय चारची अठरा एमएमची प्लायची शीट तशीही तीस किलोच्या आसपास भरते, ती छोट्या टेबल सॉवर एकट्याने चढवायचीच नसते. जमिनीवर थर्माकोल टाकून आधी तुकडे करा.

मिस्त्रींकडून शिकाच. लाकडाची रेषा वाचणं, रंधा, गुण्या, हे मला एका काकांनी शिकवलं आणि कुठल्याही व्हिडिओतून ते तसं आलं नसतं. पण ‘ताई, तीस वर्षं गार्डशिवाय करतोय, काय झालं का?’ हे ऐकून गार्ड काढू नका. ज्यांची बोटं गेली ते हे काम सोडून गेले, ते शिकवायला येतच नाहीत.

बाकी झटपट. हातमोजे नकोत, ओढणी, बांगड्या, घड्याळ, अंगठी काढा, केस बांधा. दात लाकडाच्या वर पाच-सहा एमएमच ठेवा. रिपला २४ दातांचं ब्लेड, प्लायला ६० किंवा जास्त. जुन्या लाकडावर आधी लोहचुंबक फिरवा, आत राहिलेले खिळे कळतात. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) कापताना एन-९५ मास्क लावा. ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत उरलेल्या तुकड्याला हात नाही.

घाबरून मशीन झाकून ठेवलं असेल तर ब्लेड खाली करून, प्लग काढून, नुसती फळी ढकलून बघा. हात कुठून कुठे जातो, पाय कुठे पडतात, शेवटचा वीतभर भाग कशाने ढकलणार, सगळं कोरड्यात कळतं. मग वाळलेल्या, सरळ प्लायच्या पट्ट्या कापा, चार इंची, त्याहून बारीक नको. जुनं सागवान राहू दे, ते पळून जात नाही. आणि घरात कोणी नसताना मशीन लावू नका, शेडच्या दाराबाहेर आवाज देता येईल इतक्या अंतरावर माणूस हवा.