उन्हाळी फूड फेस्टिव्हलला जाण्याआधी

उन्हाळ्यात हॉटेलांचे खास मेन्यू, गच्चीवरची जेवणं, फूड फेस्टिव्हल यांची नुसती रेलचेल असते. टेबल बुक करताना फोनवरच विचारून घ्या: बसायच्या जागेवर त्या वेळी ऊन येतं का, आणि जाहिरातीतल्या दरात कर, सेवाशुल्क, पेयं धरली आहेत का. पश्चिमेकडे उघडी असलेली गच्ची संध्याकाळीही चांगलीच तापलेली असते, तेव्हा सूर्यास्तानंतरची वेळ मागा.

उघड्यावरचा बुफे असेल तर सुरुवातीलाच पोहोचा. पारा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असताना बाहेर राहिलेलं शिजवलेलं अन्न तासाभरातच संपवावं लागतं. दुधाचे, अंड्याचे, मांसाचे पदार्थ बर्फावर किंवा वाफाळत्या भांड्यात नसतील तर मी ते ताटात घेतच नाही, मांडणी कितीही देखणी असो.