दीर्घ विज्ञानमालिकेतील पर्वांची आणि पात्रांची क्रमवारी कशी लावावी

वर्षानुवर्षे चाललेल्या विज्ञानकथा मालिकेतील आवडती पर्वे आणि पात्रे क्रमाने मांडायला बसले, की सर्वांत वरची दोन नावे आणि अगदी तळाचे एक नाव लगेच सुचते. मधल्या जागा मात्र अडून राहतात, कारण तेथे सगळेच सारखे वाटू लागते. तेथे अंदाजाने आकडे टाकले तर यादी पुरी होते, पण तिच्यातून काहीच कळत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या सूचना एकाच कसोटीला धरून आहेत : यादीतील लागोपाठच्या कोणत्याही दोन नावांपैकी वरचे नाव वर का आहे, हे मालिकेतील एखाद्या प्रसंगाचा आधार घेऊन एका वाक्यात सांगता आले पाहिजे. उदाहरणासाठी मी मुख्यतः ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ही ‘एंटरप्राइज’ या अंतराळजहाजावरील चमूची मालिका घेतली आहे. १९८७ ते १९९४ या काळात सात पर्वे आणि १७८ भाग एवढा तिचा विस्तार आहे, आणि तिच्या पर्वांच्या दर्जात इतके चढउतार आहेत की क्रमवारीतील जवळजवळ प्रत्येक अडचण तिच्यात सापडते.

सुरुवातीला हद्द ठरवून घ्यावी. वर्फ या जहाजावरील अधिकाऱ्याचे पात्र १९९५ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ या भावंड मालिकेत गेले आणि तेथे चार पर्वे राहिले. जहाजाचा कप्तान पिकार्ड पुढे चित्रपटांत आला आणि २०२० पासून त्याच्या नावाच्या स्वतंत्र मालिकेतही आला. हे सगळे जमेस धरायचे की फक्त मूळ सात पर्वांपुरते पाहायचे, हा निर्णय आधी झाला नाही, तर एका पात्राला बारा वर्षांचा हिशेब आणि दुसऱ्याला सात वर्षांचा, अशी विषम तुलना होते. माझ्या मते मूळ मालिकेपुरतेच पाहावे. पुढे आलेल्या कथांमुळे पात्राविषयी आपले मत उजळते किंवा काळवंडते, आणि ज्या भागांचा आपण क्रम लावत असतो त्यांवर तो रंग विनाकारण चढतो.

पर्वांचा क्रम लावताना सर्वांत मोठा धोका आठवणीचा असतो. आठवणीत शिखरे राहतात, सपाटी राहत नाही. दुसऱ्या पर्वाचे नाव काढताच ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा खटल्याचा भाग आणि बोर्ग हे अर्धयांत्रिक शत्रू पहिल्यांदा समोर येतात तो ‘क्यू हू’ हा भाग आठवतो, आणि पर्व आहे त्याहून थोर वाटू लागते. यावर एक साधा उपाय आहे. पर्वातील सगळे भाग चांगल्यापासून वाईटापर्यंत ढोबळमानाने एका रांगेत लावावेत आणि तीन जागांकडे पाहावे : रांगेचा पहिला भाग, शेवटचा भाग आणि नेमका मध्यावरचा भाग. २६ भागांच्या पर्वात मध्य तेराव्या-चौदाव्या जागेपाशी येतो. पर्वाची खरी पातळी हाच भाग सांगतो, कारण मालिका तेव्हा प्रसारित होत असताना प्रेक्षकाला आठवड्याला जे सर्वसाधारणपणे मिळत होते, ते तेथे दिसते. दुसऱ्या पर्वाचे शिखर उंच असले तरी मध्य अशक्त आहे, आणि तळाला ‘शेड्स ऑफ ग्रे’ आहे, ज्यात पिकार्डच्या खालोखालचा अधिकारी रायकर आजारी पडतो आणि जुन्या भागांतील दृश्येच त्याच्या आठवणी म्हणून पुन्हा दाखवली जातात. तिसऱ्या पर्वाचा मध्य मात्र विलक्षण भक्कम आहे. ‘द डिफेक्टर’सारखा भाग, ज्यात रोम्युलन या शत्रुपक्षाचा एक अधिकारी युद्ध टाळण्यासाठी स्वतःच्या देशाशी फितुरी करतो आणि शेवटी त्याच्या हाती काहीच उरत नाही, तो या पर्वाच्या पहिल्या तीनांतही अनेक जण धरणार नाहीत. याच पर्वात मायकेल पिलर लेखनाची धुरा सांभाळू लागले आणि कथांचा भर पात्रांवर आला, हे कारण माहीत असले की मध्याची ही मजबुती योगायोगाची वाटत नाही.

मध्याचा अंदाज घेण्यासाठी सगळी मालिका पुन्हा पाहण्याची गरज नसते. प्रत्येक पर्वातून असे तीन-चार भाग निवडावेत ज्यांचे नाव वाचून काहीही आठवत नाही, आणि तेच पाहावेत. गाजलेले भाग पुन्हा पाहून मत बदलण्याची शक्यता कमी असते. विस्मरणात गेलेले भाग मात्र हमखास काहीतरी नवे सांगतात.

निर्मितीच्या परिस्थितीचे काय करायचे, हा प्रश्न येथे येतो. दुसऱ्या पर्वाला २६ ऐवजी २२ भाग मिळाले, कारण १९८८ मध्ये अमेरिकेतील लेखक संघटनेचा संप झाला होता. ‘बॅबिलॉन ५’ या मालिकेला पाचवे पर्व मिळेल की नाही याची शाश्वती नव्हती, म्हणून मुख्य कथानक चौथ्यातच आवरते घेतले गेले. चौथे धावते आणि पाचवे रेंगाळते ते त्यामुळे. अशी कारणे जरूर समजून घ्यावीत, पण त्यांसाठी गुण वाढवू नयेत. पडद्यावर जे आले त्याचाच क्रम लागतो. कारणांची नोंद क्रमांकाशेजारी केली, म्हणजे निर्मात्यांवरही अन्याय होत नाही.

पर्वांच्या सीमेवरील कथांचा नियमही आधीच ठरवावा. ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ ही दोन भागांची कथा जून १९९० मध्ये तिसरे पर्व संपवते आणि सप्टेंबरात चौथे सुरू करते. पिकार्डला बोर्गांनी आपल्यात सामावून घेतले आहे आणि रायकर त्याच्यावरच मारा करण्याचा हुकूम देतो, त्या क्षणी तिसरे पर्व थांबते. त्या थांबण्याचे श्रेय तिसऱ्याला द्यावे आणि सोडवणुकीचे यश-अपयश चौथ्याच्या खाती टाकावे. सोडवणूक मांडणीपेक्षा फिकी आहे असे मला वाटते, पण तिच्यानंतर लगेच येणारा ‘फॅमिली’ हा भाग, ज्यात घरी परतलेला पिकार्ड भावासमोर द्राक्षमळ्याच्या चिखलात ढसाढसा रडतो, चौथ्या पर्वाची बाजू पुष्कळ सावरून धरतो.

आता प्रत्यक्ष क्रम. एकदम सात जागा भरू नयेत. कोणतीही दोन पर्वे घ्यावीत, त्यांतले वरचे ठरवावे, मग तिसरे घेऊन ते या दोहोंच्या वर, मध्ये की खाली हे ठरवावे, आणि असेच पुढे जावे. सात पर्वांच्या २१ जोड्या होतात, पण या रीतीने त्या सगळ्या तपासाव्या लागत नाहीत. पर्वे फार असतील, तर आधी उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ असे तीन गट पाडून मग गटांतर्गत तुलना करावी. पर्वे २६ असली, तरी त्यांच्या ३२५ जोड्यांशी झुंजण्याचे कारण नाही. प्रत्येक जोडीचे कारण त्याच वेळी लिहून ठेवावे. कारण लिहिता आले नाही, तर ती दोन्ही पर्वे एकाच क्रमांकावर ठेवावीत. समान क्रमांक देण्यात काहीही कमीपणा नाही.

पात्रांची क्रमवारी अधिक अवघड असते, आणि मला ती अधिक मोलाचीही वाटते. येथे पहिले काम म्हणजे नट आणि पात्र यांची फारकत. ब्रेंट स्पायनर यांनी जहाजावरील यंत्रमानव अधिकारी डेटा, त्याचा दुष्ट भाऊ लोर आणि त्यांचा निर्माता सूंग अशा तिन्ही भूमिका केल्या. त्या अभिनयाचे कौतुक तिघांत वाटून देता येत नाही, आणि त्यामुळे डेटाचा क्रमांकही वाढत नाही. दुसरे काम म्हणजे पाहुण्या पात्रांची वेगळी यादी. क्यू हे सर्वशक्तिमान पाहुणे पात्र सबंध मालिकेत आठ कथांतच येते आणि प्रत्येक वेळी कथेचे केंद्रच बनते. जहाजाचा अभियंता जॉर्डी याला मात्र शेकडो साध्या प्रसंगांतून उभे राहावे लागते. दोघांना एका रांगेत उभे करणे न्याय्य नाही.

पात्राची किंमत कशावरून ठरवावी? संवादांच्या चमकेवरून ठरवू नये, आणि ते आपल्याला किती प्रिय वाटते एवढ्यावरूनही ठरवू नये. दोन योग्य गोष्टी एकमेकींच्या आड येतात तेव्हा पात्र काय करते आणि त्यानंतर ते त्या कृतीसह कसे जगते, हे पाहावे. ‘द मेझर ऑफ अ मॅन’मधील रायकर या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. डेटा ही स्टारफ्लीट या अंतराळदलाची मालमत्ता आहे की स्वतंत्र व्यक्ती, असा खटला उभा राहतो आणि रायकरला आपल्या मित्राविरुद्ध बाजू मांडावी लागते; त्याने नकार दिला, तर डेटा ही मालमत्ताच आहे असा निकाल आपोआप लागणार असतो. तयारी करताना पडद्यावरच्या आराखड्यात त्याला डेटाला बंद करण्याची कळ सापडते. युक्तिवाद सापडल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर उमटतो आणि आपण काय करणार आहोत हे उमगताच मावळतो. तेथे एकही शब्द नाही. न्यायालयात तो डेटाचा हात काढून दाखवतो, मग कळ दाबतो आणि डेटा निर्जीव होऊन पुढे कोसळतो. खटला डेटा जिंकतो, पण रायकर आनंदसोहळ्याला जात नाही; शेवटी डेटाच त्याला शोधत येतो आणि त्या कृतीने रायकर दुखावला गेला, आपण मात्र वाचलो, हे विसरणार नाही असे सांगतो. एरवी सहज दुय्यम वाटणारा रायकर या एका भागासाठी माझ्या यादीत दोन जागा वर चढतो.

वर्फसाठी ‘द एनिमी’ पाहावा. मरणाऱ्या रोम्युलनला वाचवू शकेल असा दाता जहाजावर एकटा वर्फ असतो. पिकार्ड विनंती करतो, हुकूम देत नाही, आणि वर्फ नाकारतो. रोम्युलन मरतो. हा निर्णय आपल्याला पटत नाही, पण पात्र आवडण्याजोगे राहावे म्हणून लेखकांनी ते मऊ केले नाही, आणि क्रमवारीत मान याच गोष्टीला द्यायचा असतो.

लेखनाच्या उणिवा पात्राच्या माथी किती माराव्यात, याचे उत्तर जहाजावरील समुपदेशक ट्रॉय हिच्या उदाहरणात मिळते. पहिल्या पर्वांत तिला समोरच्याच्या भावना बोलून दाखवण्यापलीकडे फारसे काम नाही. सहाव्या पर्वातील ‘फेस ऑफ द एनिमी’मध्ये मात्र ती शत्रूच्या जहाजावर रोम्युलन अधिकाऱ्याच्या रूपात जागी होते आणि निव्वळ धिटाईच्या बळावर वेळ मारून नेते. अशा पात्रासाठी दोन आकडे लिहावेत, एक सर्वोत्तम रूपाचा आणि एक संपूर्ण प्रवासाचा, आणि अंतिम क्रम दुसऱ्यावरून लावावा. जहाजावरील सुरक्षा अधिकारी ताशा यारसारख्या, पहिल्याच पर्वात मरून पुढे ‘यस्टरडेज एंटरप्राइज’मध्ये परतणाऱ्या पात्रालाही हाच नियम लावावा.

‘डॉक्टर हू’ या मालिकेचा नायक ‘डॉक्टर’ वेळोवेळी नव्या रूपात, नव्या नटासह येतो. तिची क्रमवारी लावणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. १९६३ ते १९८९ या काळातील २६ पर्वे अनेक भागांच्या सलग कथांनी बनलेली आहेत, तर २००५ पासूनच्या पर्वांची घडण वेगळी आहे. त्यामुळे दोन वेगळ्या याद्या कराव्यात. पहिल्या दोन डॉक्टरांच्या काळातील कित्येक भागांचे चित्रण नष्ट झाले आहे, पण त्या सर्वांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते न ऐकता त्या पर्वांना खालची जागा देणे म्हणजे न पाहिलेल्या कामाला शिक्षा देणे होय. डॉक्टरचे प्रत्येक रूप स्वतंत्र पात्र मानावे, कारण स्वभाव, निर्णय आणि चुका त्या त्या रूपाच्या आहेत.

माझी ‘नेक्स्ट जनरेशन’ची पर्वे वरून खाली अशी लागतात : तिसरे, पाचवे, चौथे, सहावे, दुसरे, सातवे, पहिले. पाचव्यात ‘डारमोक’ आहे आणि ‘द इनर लाइट’ही आहे, ज्यात पिकार्ड जहाजावरच्या काही मिनिटांत एका मृत ग्रहावरचे सबंध आयुष्य जगतो आणि ज्याला १९९३ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला, ही शिखरे तिसऱ्यापेक्षा उंच आहेत, तरीही तिसरे वर आहे ते त्याच्या मध्यामुळे. ज्यांना शिखर महत्त्वाचे वाटते त्यांनी पाचवे वर ठेवावे, फक्त मग दुसऱ्यालाही त्याच मापाने वर घ्यावे लागेल. कोणाशी यादी ताडून पाहायची असेल, तर दोघांनी आधी आपापली यादी कारणांसह लिहून पुरी करावी आणि जेथे तीन किंवा अधिक जागांचा फरक पडतो, त्या पर्वातील विसरलेला एक भाग एकत्र बसून पाहावा.