हॅब्सबर्ग घराण्याची वंशावळ कशी काढायची? आधी बायकांची नावं लिहा

हॅब्सबर्ग म्हणजे ऑस्ट्रिया आणि स्पेनवर राज्य केलेलं युरोपातलं राजघराणं. त्यांचा चार्ट नेटवर उघडला की तो वरून सुरू होतो, १२७३ मध्ये रुडॉल्फ जर्मनीचा राजा झाला, खाली त्याची मुलं, त्याखाली त्यांची मुलं, आणि थोडं खाली आलं की फर्डिनांड, कार्ल, मारिया, परत फर्डिनांड, परत मारिया असं जे सुरू होतं की माणूस टॅब बंद करून चहा टाकायला जातो. यात तुमची काही चूक नाही. ते चार्ट बापाकडून मुलाकडे जातात आणि बायकोचं नाव कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं, आणि या घराण्याने तर लढून मिळवलं त्यापेक्षा सोयरिकीतून कितीतरी जास्त मिळवलं. मग खरा मामला त्या बारीक अक्षरातच राहणार ना. म्हणून आपण उलटं करायचं, खालून वर जायचं आणि आई आधी लिहायची, बाप नंतर.

सामान: मोठा कागद आडवा धरून (ए-थ्री बरा पडतो), पेन्सिल, खोडरबर आणि दोन-तीन रंगांची पेनं. एक्सेलमधे करू नका, एकच माणूस तीन ठिकाणी येतो आणि मग तुम्ही त्याला तीन वेगळी माणसं समजून बसता.

सुरुवातीला नावांचं बघून घ्या, नाहीतर पुढे सगळं फुकट जाईल. कार्ल, चार्ल्स, कार्लोस हे एकच नाव आहे, ज्या भाषेतलं पुस्तक त्या भाषेतलं रूप. आकड्यांवर तर अजिबात भरवसा ठेवायचा नाही. सम्राट कार्ल पाचवा म्हणजेच स्पेनचा कार्लोस पहिला. फ्रान्झ आधी पवित्र रोमन साम्राज्याचा (जर्मन प्रदेशांचं जुनं साम्राज्य) 'दुसरा' होता, १८०४ मध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट म्हणून 'पहिला' झाला, आणि दोन वर्षं तो पहिला आणि दुसरा दोन्ही होता, १८०६ मध्ये जुनं साम्राज्यच मोडीत निघालं तेव्हा कुठे एक आकडा कमी झाला. त्यामुळे नियम एकच, नावापुढे जन्मवर्ष. फर्डिनांड १५०३, फर्डिनांड १५७८, फर्डिनांड १६०८. आकडा नंतर सावकाश लिहा, नाही लिहिलात तरी चालेल.

आता एक माणूस घ्या. मी सांगेन की स्पेनच्या कार्लोस दुसऱ्यापासूनच सुरू करा (जन्म १६६१, मृत्यू १७००), कारण हा सगळ्यात गुंतागुंतीचा आहे आणि हा जमला की बाकीचे सोपे वाटतात. कागदाच्या तळाशी त्याचं नाव. वर आई, मारियाना १६३४, जिचं खरं नाव मारिया आना. तिची आई मारिया आना १६०६. मारियानाच्या वडिलांची आई पण मारिया आना, १५७४, ही बव्हेरियाची (जर्मनीतलं एक राज्य). आणि इकडे कार्लोसच्या वडिलांची आई मार्गारेट १५८४, तिची आई कोण? मारिया आना १५५१, ही पण बव्हेरियाचीच आणि त्या १५७४ वालीची सख्खी आत्या. एका मुलाच्या वंशावळीत चार मारिया आना, आणि आपण अजून चौथ्या पिढीच्या वर गेलेलो नाही! गंमत म्हणजे पणजोबांमधे एक आर्चड्यूक (ऑस्ट्रियाच्या राजपुत्रांची पदवी) कार्ल दुसरा पण आहे, १५४० चा, म्हणजे हा कार्लोस दुसरा आणि तो कार्ल दुसरा. जन्मवर्षं का लिहायची ते आता कळलं असेल.

पुढची पायरी म्हणजे नातं लिहिणं, आणि इथे इंग्रजी साइट्सवरून कझिन, अंकल असलं काही उतरवून घेऊ नका, त्याने काहीच कळत नाही. मामा की काका, आतेभाऊ की मावसभाऊ ते नेमकं लिहा. कार्लोसचे वडील फिलिप चौथे (१६०५), आई मारियाना. मारियानाची आई ही फिलिपची सख्खी बहीण. म्हणजे मामा-भाचीचं लग्न, १६४९ मध्ये झालं तेव्हा मामा ४४ चा आणि भाची १४ ची. त्याहून वाईट म्हणजे तिचं आधी ठरलं होतं ते फिलिपच्या मुलाशी, बाल्तासार कार्लोसशी, तो १६४६ मध्ये वारला आणि मग सासरा होणार होता तोच नवरा झाला. आता फिलिपचे आजोबा बघा, फिलिप दुसरा १५२७, त्याची चौथी बायको आना १५४९, ती त्याच्या बहिणीची, मारियाची मुलगी. परत मामा-भाची. आपल्याकडेही मामाच्या मुलीशी लग्न लावायची रीत बऱ्याच समाजांत होती त्यामुळे आपल्याला हे अगदीच परकं वाटत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या आणि दोन्ही बाजूंनी एवढं, हे वेगळंच प्रकरण आहे.

आता रंगीत पेन घ्या आणि जी जोडी दुसऱ्यांदा दिसेल तिच्याभोवती गोल करा. कार्लोसच्या चार्टवर १५४० चा कार्ल आणि १५५१ ची मारिया आना ही जोडी तीनदा येते, एकदा वडिलांकडून, दोनदा आईकडून. फिलिप दुसरा आणि आना दोनदा. आणि फिलिप तिसरा आणि मार्गारेट हे कार्लोसचे वडिलांकडून आजी-आजोबा आहेत आणि आईकडून पणजी-पणजोबा. कागद तसाच ठेवून याच फिलिप दुसऱ्याचा थोरला मुलगा डॉन कार्लोस (१५४५) काढून बघा, हा पहिल्या बायकोचा. माणसाला पणजी-पणजोबा आठ असतात, याला चारच आहेत, कारण त्याच्या आईवडिलांचे आईवडील म्हणजे दोन भाऊ-बहीण जोड्यांनी एकमेकांत केलेलं साटंलोटं.

२००९ मध्ये संशोधकांनी या सगळ्याचं गणित मांडलं, त्यात कार्लोस दुसऱ्याचा अंतःप्रजननाचा (म्हणजे आईबाप किती जवळच्या नात्यातले त्याचा) आकडा ०.२५४ आला. सख्ख्या बहीण-भावाचं मूल असेल तर तो ०.२५ असतो. हे वाचून लगेच त्याची पुढे आलेली हनुवटी, आजारपण, निपुत्रिक राहणं सगळं त्या एका आकड्यावर टाकायचा मोह होतो, तो आवरा. त्याची भाची मारिया आंतोनिया (१६६९), तिचा आकडा याच्याहून जास्त आहे, आणि तिचं लग्न झालं, मुलंही झाली.

तिच्या आईवडिलांचं नातं मात्र वेगळं लिहून ठेवण्यासारखं आहे. आई मार्गारीता तेरेसा १६५१, म्हणजे स्पॅनिश चित्रकार वेलास्केझच्या प्रसिद्ध चित्रात मधोमध उभी असलेली छोटी गोरी मुलगी. तिचं लग्न १६६६ मध्ये सम्राट लेओपोल्डशी झालं, तो तिच्या आईचा भाऊ, म्हणजे मामा. पण लेओपोल्डची आई ही मार्गारीताच्या वडिलांची बहीण, म्हणजे तो आतेभाऊ पण. लग्नानंतरही ती त्याला मामाच म्हणायची. चार बाळंतपणं, एकच मूल जगलं, आणि १६७३ मध्ये २१ व्या वर्षी ती गेली. चार्टवर या दोघांमधे दोन रेषा काढा, एका रंगात मामा-भाची, दुसऱ्यात आते-मामे भावंडं.

गेलेली मुलं पण लिहायची, हे लोक हमखास गाळतात. कार्लोसचा एक थोरला भाऊ फेलिपे प्रोस्पेरो १ नोव्हेंबर १६६१ ला वारला आणि ६ नोव्हेंबरला कार्लोस जन्मला. पाच दिवस! फेलिपेचं वेलास्केझने काढलेलं चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे, नेटवर मोठं करून बघा, पांढऱ्या अ‍ॅप्रनवर घंटा नि ताईत लटकवलेत, दृष्ट लागू नये म्हणून. राजवाड्यात राहून, सगळे वैद्य हाताशी असून शेवटी आसरा ताईताचा. ही चित्रं तिकडच्या नातेवाइकांना पाठवली जायची, मूल कसं वाढतंय ते कळावं आणि स्थळ म्हणूनही बघून ठेवावं, त्यामुळे वंशावळ काढणाऱ्याला चित्र हा चांगला पुरावा असतो.

एवढं झालं की 'का' ची एक ओळ प्रत्येक लग्नाखाली लिहा. स्थळ बरोबरीचं हवं, म्हणजे राजघराण्यातलंच, आणि धर्मसुधारणेनंतर (ख्रिश्चनांत कॅथलिक-प्रोटेस्टंट फूट पडल्यावर) ते कॅथलिकही हवं, मग उरले कोण? पोर्तुगाल, बव्हेरिया, फ्रान्सशी बहुधा भांडण, आणि आपलीच दुसरी पाती. १५५५-५६ मध्ये कार्ल पाचव्याने सत्ता सोडली तेव्हा घराण्याच्या दोन पात्या पक्क्या झाल्या, मुलगा फिलिपची स्पेनमधली थोरली आणि भाऊ फर्डिनांडची व्हिएन्नातली धाकटी. एक पाती निर्वंश झाली तर दुसरीचा हक्क शाबूत राहावा म्हणून मुली इकडून तिकडे दिल्या जायच्या, पोपची परवानगी आणून. मुलगी जायची तिच्यासोबत हक्क जायचा, हे डोक्यात ठेवा म्हणजे निम्मी वारसायुद्धं आपोआप समजतात.

आणि याचा गोव्याशी थेट संबंध आहे. पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियाओ १५७८ मध्ये मोरोक्कोत लढाईत गेला, त्याच्यामागून गादीवर आलेला म्हातारा कार्डिनल १५८० मध्ये गेला, गादी रिकामी. फिलिप दुसऱ्याने हक्क सांगितला तो कुणाच्या जोरावर? आईच्या. त्याची आई इसाबेला ही पोर्तुगालच्या मानुएल राजाची मुलगी. (सोबत सैन्यही पाठवलं, ते सोडा.) म्हणजे १६४० पर्यंत पोर्तुगालसोबत गोवाही हॅब्सबर्ग राजांच्या हाताखाली होता. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या चार्टवर हे कुठेच दिसत नाही.

ऑस्ट्रियन पातीत मधली पिढ्यांची रांग भराभर काढून टाका आणि थेट १७१३ वर या. कार्ल सहाव्याने ठरवलं की मुलगा नसला तर राज्य आपल्या मुलींना, थोरल्या भावाच्या मुलींना नाही. तेव्हा त्याला मूलच नव्हतं! १७१७ मध्ये मारिया तेरेसिया झाली, १७४० मध्ये तो वारला आणि पुरुषांकडून चालत आलेला हॅब्सबर्ग वंश तिथे संपला. इथे चार्टवर जाड रेघ. तिचा नवरा फ्रान्झ स्टेफान लॉरेन घराण्याचा, म्हणून पुढचे सगळे हॅब्सबर्ग-लॉरेन. पण हा बाहेरचा जावई म्हणावा तर त्याच्या वडिलांची आई कोण, तर सम्राट फर्डिनांड तिसऱ्याची मुलगी आणि मारिया तेरेसियाच्या आजोबांची सावत्र बहीण. बायकांची नावं आधी लिहिली असतील तरच हे सापडतं.

तिला १६ मुलं, ११ मुली आणि ५ मुलगे, आणि प्रत्येक मुलीचं पहिलं नाव मारिया. वर आणखी एक सापळा आहे, मूल गेलं की तेच नाव पुढच्याला. मारिया करोलिना तीन आहेत: १७४० ची १७४१ मध्ये गेली, १७४८ ची जन्मली त्याच दिवशी, १७५२ ची जगली आणि नेपल्सची राणी झाली. तीसुद्धा बदली म्हणून. नेपल्सच्या राजासाठी आधी बहीण योहाना ठरली, ती १७६२ मध्ये देवी येऊन गेली, मग योझेफा ठरली, ती १७६७ मध्ये देवीनेच गेली, म्हणून हिचा नंबर लागला. घरात मरण झालंय आणि आई पुढच्या मुलीची तयारी करतेय कारण करार मोडता येत नाही. फक्त क्रिस्टिनाला (१७४२) मनासारखा नवरा मिळाला, ती आईची लाडकी होती. बाकीच्यांचा राग समजू शकतो. सगळ्यात धाकटी मुलगी, १७५५ ची, फ्रान्सला गेली आणि मारी आंत्वानेत झाली. (जाता जाता, मारिया तेरेसियाच्या तोंडाचं ते १७८० साल घातलेलं चांदीचं नाणं अरबस्तान-आफ्रिकेत इतकं चालायचं की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या टाकसाळीतही पाडलं गेलं, साल तेच १७८० ठेवून.)

तुटक रेघ कुठे वापरायची? जिथे लग्न कायदेशीर पण मुलांना गादीचा हक्क नाही तिथे. ऑस्ट्रियाच्या गादीचा वारस फ्रान्झ फर्डिनांडने सोफी खोतेकशी लग्न करायचं म्हणून २८ जून १९०० ला लिहून दिलं की होणाऱ्या मुलांचा हक्क सोडला, कारण ती काउंट घराण्यातली, बरोबरीची नाही. बरोबर १४ वर्षांनी त्याच तारखेला सारायेव्होत दोघांनाही गोळ्या घातल्या. त्यांची मुलं होहेनबर्ग आडनाव लावतात, हॅब्सबर्ग नाही, म्हणून चार्टवर तुटक.

तारखा तपासायच्या तर थडगी बघा. व्हिएन्नात कापुचिन चर्चच्या तळघरात ऑस्ट्रियन पातीतले १६३३ नंतरचे बहुतेक सगळे आहेत, शवपेट्यांवर नावं-तारखा. पण हृदयं ऑगस्टिनियन चर्चमधे आणि आतडी सेंट स्टीफनमधे ठेवायची पद्धत होती, त्यामुळे एकाच माणसाची तीन ठिकाणं दिसली तर गोंधळू नका. आणि जो तिथे नाही तो का नाही हेही बघा. फ्रान्झ फर्डिनांड नाही, कारण सोफीला तिथे जागा मिळाली नसती, म्हणून दोघं आर्टश्टेटनच्या वाड्यात आहेत. शेवटचा सम्राट कार्ल मदेरा बेटावर, हद्दपारीत १९२२ मध्ये गेला तिथेच. त्याचा मुलगा ओटो (१९१२) मात्र २०११ मध्ये परत त्याच तळघरात आला, हृदय हंगेरीत. त्याच्यापुढे आकडा लिहू नका, तो कधी सम्राट झालाच नाही, १९६१ मध्ये गादीचा हक्क सोडला आणि नंतर २० वर्षं युरोपियन संसदेत खासदार होता.

ओटोच्या खाली जाऊ नका, तिथून पुढे हयात माणसं आणि त्यांची खाजगी आयुष्यं. उलट हाताला सवय म्हणून सम्राट फ्रान्झ योझेफ (१८३०) आणि त्याची बायको सिसी (१८३७) यांचा छोटा चार्ट स्वतः काढा, आयांपासून सुरू करून. त्याची आई सोफी, तिची आई लुडोविका, दोघी बव्हेरियाच्या राजाच्या मुली. बाकीचं तुम्हीच लिहा.